आयटीआय झालं, आता ॲप्रेंटिस: करार हातात घेतल्याशिवाय गेटच्या आत जाऊ नका

आयटीआयचा निकाल लागला की मुलांच्या मोबाइलवर मेसेज फिरायला लागतात. ‘चाकणला भरती, फिटर-वेल्डर-इलेक्ट्रिशियन, पगार चांगला, राहण्याची सोय, थेट जॉइनिंग.’ खाली कुणाचा तरी नंबर, कंपनीचं नाव नाही. यातल्या काही जागा खऱ्याही असतात. पण अशा वाटेनं ‘ट्रेनी’ म्हणून लागलेली कितीतरी मुलं वर्षा-दीड वर्षानं परत येतात, तेव्हा हातात ना प्रमाणपत्र असतं ना पीएफचा नंबर. वर्ष गेलं ते गेलंच.

ज्यांच्या घरात याआधी कुणी कारखान्याचं गेट ओलांडलेलं नाही, अशा मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हा लेख आहे. आयटीआयनंतर शिकाऊ उमेदवारी, म्हणजे सगळे ज्याला ‘ॲप्रेंटिस’ म्हणतात, ती कशी मिळवायची आणि त्यात फसायचं कसं नाही, एवढंच इथे सांगायचं आहे.

आधी कायदा थोडक्यात

शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ सालचा स्वतंत्र कायदा आहे. ज्या आस्थापनेत (म्हणजे कारखाना, कंपनी किंवा कार्यालयात) ३० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला आहेत, तिला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के ॲप्रेंटिस घ्यावेच लागतात. या मोजणीत ठेकेदाराची माणसंही धरतात. चार ते एकोणतीस माणसांच्या वर्कशॉपला सक्ती नाही, पण घ्यायचे तर घेता येतात. म्हणजे कंपनी तुम्हाला घेते ती उपकार म्हणून नव्हे, तिच्यावर ते बंधनच असतं. मुलाखतीला जाताना हे डोक्यात असू द्या. बोलून दाखवायची गरज नाही.

आता खरी मेख. या कायद्याखाली तुम्ही ‘कामगार’ नसता, ‘प्रशिक्षणार्थी’ असता. म्हणून किमान वेतन लागू नाही, पीएफ नाही, ईएसआय म्हणजे कामगारांचा आरोग्य विमाही नाही. त्या बदल्यात तुम्हाला नोंदवलेला करार मिळतो, ठरलेला स्टायपेंड, म्हणजे दरमहा विद्यावेतन मिळतं, तुमच्या ट्रेडचं प्रशिक्षण मिळतं आणि शेवटी परीक्षा देऊन देशभर चालणारं प्रमाणपत्र मिळतं. ही देवाणघेवाण आहे.

काही ठेकेदार दोन्हीकडून खातात. करार मागितला की म्हणतात, ‘तू तर ट्रेनी आहेस, करार कसला?’ पीएफ विचारला की म्हणतात, ‘ॲप्रेंटिसला पीएफ नसतो.’ करार नसेल तर तुम्ही कायद्यानं ॲप्रेंटिस नाहीच, साधे कामगार आहात. मग किमान वेतन द्यायलाच हवं, आणि वीस किंवा जास्त माणसं असतील तर पीएफही. उलट, कुणी तुम्हाला ॲप्रेंटिस म्हणत असेल आणि पगारपत्रकात पीएफ कापलेला दिसला, तर कागदोपत्री तुम्ही ॲप्रेंटिस नाही हे तिथल्या तिथे ओळखा. पीएफ मिळतोय हे वाईट नाही, पण वर्षाअखेरीला प्रमाणपत्राची वाट पाहू नका.

पहिली पायरी: कागद, आणि त्यातही नाव

दहावीचं गुणपत्रक, आयटीआयचं गुणपत्रक व प्रमाणपत्र, आधार, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर, दिव्यांग असाल तर यूडीआयडी कार्ड, बँक पासबुक. यादी सगळ्यांना माहीत असते. अडतं ते नावावर.

आपल्या बोर्डाच्या दहावीच्या कागदावर आडनाव पहिलं येतं, आधारवर शेवटी. निव्वळ क्रमाचा फरक असेल तर सहसा निभावतं. पण एकीकडे ‘ज्ञानेश्वर’ आणि दुसरीकडे ‘ज्ञानेश्वऱ’ असं कुणाच्या लक्षातही न येणारं असतं, किंवा इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका कागदावर ‘डब्ल्यू’ आणि दुसऱ्यावर ‘व्ही’, वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे आद्याक्षर. ॲप्रेंटिसच्या सरकारी पोर्टलवर आधार पडताळणी तिथेच अडकते. दहावीचा कागद बदलणं जिकिरीचं, आधार दुरुस्त करणं त्या मानानं सोपं. म्हणून आधार दहावीच्या कागदाप्रमाणे करून घ्या, आणि निकालाची वाट न पाहता आयटीआयच्या शेवटच्या वर्षातच करा. जन्मतारीखही तेव्हाच ताडून घ्या.

दुसरी गोष्ट बँकेची. खातं आधारला नुसतं जोडलेलं असून भागत नाही. स्टायपेंडमधला सरकारचा हिस्सा थेट जमा होण्यासाठी ते ‘आधार सीडिंग’ झालेलं लागतं, म्हणजे सरकारी पैसे याच खात्यात यावेत अशी नोंद बँकेनं केलेली लागते. बऱ्याच मुलांची दोन-तीन खाती असतात: एक शाळेत शिष्यवृत्तीसाठी काढलेलं, एक जनधन, एक शहरात आल्यावर उघडलेलं. सरकारचे पैसे सगळ्यात शेवटी ज्या खात्याचं सीडिंग झालं त्यात जातात. गावाकडच्या विसरलेल्या खात्यात महिनोन्‌महिने पैसे पडून राहतात आणि पोरगं इकडे कंपनीशी भांडत बसतं. बँकेत जाऊन ‘माझं सीडिंग कुठल्या खात्याला आहे?’ असा नेमका प्रश्न विचारा.

दुसरी पायरी: पोर्टलवर नोंदणी

केंद्र सरकारचं ‘ॲप्रेंटिसशिप इंडिया’ पोर्टल आहे. आयटीआयवाल्यांची नोंदणी तिथे होते. डिप्लोमा आणि पदवीवाल्यांसाठी ‘नॅट्स’ नावाचं वेगळं पोर्टल आहे. नोंदणी फुकट असते. नेट कॅफेवाला फॉर्म भरायचे दहा-वीस-पन्नास घेईल ते त्याच्या मेहनतीचे, सरकारची फी म्हणून कुणी काही मागत असेल तर उठून या.

मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या. हे इतकं साधं वाटतं, पण कॅफेवाला घाईत स्वतःचा ईमेल टाकतो, पासवर्डही तोच ठेवतो. पुढे कंपनी करार पाठवते तो त्याच्या मेलवर. तोवर त्याचं दुकान बंद झालेलं असतं किंवा त्याला तुमची आठवणही नसते. पासवर्ड वहीत लिहून ठेवा, आईच्या पोथीत ठेवलात तरी चालेल.

तिसरी पायरी: अर्ज कुठे करायचा

आपल्याकडे ‘मोठी कंपनी’ हाच निकष लावतात. मला तो पटत नाही. विचार असा करा: जिथे तुमच्या ट्रेडचं काम रोज हाताखालून जातं आणि जिथे राहण्याखाण्यात स्टायपेंड संपत नाही, ती जागा चांगली.

महावितरण इलेक्ट्रिशियन, वायरमन आणि कोपाच्या (संगणक चालवण्याचा ट्रेड) मुलांना घेतं. जाहिरात मंडल कार्यालयाप्रमाणे निघते. निवड साधारण आयटीआयच्या गुणांवर होते. खेड्यातल्या मुलाला घरून सायकलनं जाता येईल असं उपविभाग मिळू शकतं, आणि खांबावरचं, ट्रान्सफॉर्मरचं काम प्रत्यक्ष बघायला मिळतं. एसटी महामंडळाच्या विभागीय कार्यशाळांत डिझेल मेकॅनिक, मोटार मेकॅनिक, वेल्डर, शीट मेटल, पेंटर अशा ट्रेडना जागा असतात. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथे एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळा आहेत. यांच्या जाहिराती वर्तमानपत्रात छोट्या येतात, विभागीय कार्यालयाच्या फलकावर मात्र नक्की लागतात. आठवड्यातून एकदा तिथे चक्कर टाकायला लाज कसली?

रेल्वेची गोष्ट वेगळी. मध्य रेल्वे मुंबई, भुसावळ, पुणे, नागपूर आणि सोलापूर अशा विभागांसाठी एकत्र जाहिरात काढते. लेखी परीक्षा नसते. दहावीचे आणि आयटीआयचे टक्के मिळून गुणवत्ता यादी लागते. त्यामुळे दहावीत चांगले गुण असलेल्या, पण परीक्षेच्या क्लासला पैसे नसलेल्या मुलांसाठी ही उत्तम वाट आहे. अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि मुली यांना अर्जाचं शुल्क माफ असतं. राखीव प्रवर्गांना आणि दिव्यांगांना वयातही नियमाप्रमाणे सवलत असते. मुंबईचा जहाजबांधणी कारखाना माझगाव डॉक आठवी आणि दहावी झालेल्यांनाही घेतो, पण तिथे परीक्षा असते.

खासगी कंपन्या म्हणजे चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर-अंबड, बुटीबोरी या औद्योगिक वसाहती. फिटर, टर्नर, मशिनिस्ट यांनी तिथे जायलाच हवं, कारण आधुनिक मशीन तिथेच आहेत. संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर हात बसायचा तर एसटीच्या कार्यशाळेत बसणार नाही. मात्र खोलीचं कॉट बेसिसचं (एका खाटेपुरतं) भाडं आणि मेस धरून हिशेब आधी घरी मांडा. स्टायपेंडमधून घरी काही पाठवता येईल अशा आशेवर निघू नका.

एक सावधगिरी. बहुतेक जाहिरातींत ‘यापूर्वी शिकाऊ उमेदवारी केलेले अपात्र’ अशी अट असते. म्हणजे ही संधी बहुधा एकदाच मिळते. कुठल्या तरी फुटकळ जागी करार करून दोन महिन्यांत सोडून द्यायचा आणि मग रेल्वेचा अर्ज भरायचा, हे जमणार नाही. दोन-तीन जाहिराती येऊ द्या, मग ठरवा.

चौथी पायरी: करार

इथे घाई करू नका. निवड झाली की कंपनी पोर्टलवर करार तयार करते, तो तुमच्या लॉगिनला दिसतो आणि तुम्ही तो मान्य करायचा असतो. अठरा वर्षं पूर्ण नसतील तर पालकांची सही लागते. धोकादायक उद्योगात मात्र अठराच्या आतल्यांना घेताच येत नाही.

वाचताना पाच गोष्टी बघा. आस्थापनेचं नाव कंपनीचंच आहे की दुसऱ्याच कुणाचं? ट्रेड तुम्ही शिकलात तोच आहे ना? कालावधी किती? स्टायपेंडचा आकडा काय? आणि प्रत्यक्ष काम कुठल्या पत्त्यावर? वेल्डर ट्रेडच्या मुलाच्या करारात कधीकधी भलताच ट्रेड टाकलेला असतो, कारण तो कंपनीच्या सोयीचा असतो. मुलगा वर्षभर वेल्डिंगच करतो, पण परीक्षा द्यायची वेळ येते ती दुसऱ्याच विषयाची.

मान्य केल्यावर कराराचा क्रमांक मिळतो. पीडीएफ उतरवून घ्या, स्वतःच्या मेलवर पाठवा, एक प्रिंट घरी ठेवा. ‘आधी जॉइन हो, करार पुढच्या महिन्यात करू’ असं कुणी म्हणालं तर नम्रपणे विचारा, ‘साहेब, मग गेटपास कशावर काढायचा?’ आणि थांबा. मूळ गुणपत्रकं कुणाकडेही ठेवू नका. दाखवायची, पडताळू द्यायची आणि परत घ्यायची. कोरा चेक, डिपॉझिट, ‘जॉइनिंग फी’ यातलं काहीही कायद्यात बसत नाही.

स्टायपेंडचा हिशेब

२०१९ च्या नियमांप्रमाणे किमान दर असे: पाचवी ते नववी झालेल्यांना ५,००० रुपये, दहावीला ६,०००, बारावीला ७,०००, आयटीआयला ७,०००, डिप्लोमाला ८,०००, पदवीधरांना ९,०००. दुसऱ्या वर्षी दहा टक्के वाढ. २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेनं या रकमा ३६ टक्क्यांनी वाढवण्याची शिफारस केली, म्हणून करार करताना त्या दिवशीचा लागू दर पोर्टलवर बघून घ्या. हे किमान आहेत. कंपनीला जास्त द्यायला कुणी अडवलेलं नाही, आणि बऱ्याच कंपन्या देतातही.

बहुतेक खासगी कंपन्यांत यातला काही भाग केंद्र सरकार भरतं: स्टायपेंडच्या पंचवीस टक्के, पण जास्तीत जास्त १,५०० रुपये. सात हजारांचे पंचवीस टक्के १,७५० होतात, म्हणून १,५०० वर थांबतं. कंपनी ५,५०० जमा करते आणि सरकारचे १,५०० वेगळे, वेगळ्या तारखेला थेट तुमच्या सीडिंग झालेल्या खात्यात येतात. पहिल्या महिन्यात निम्मी मुलं ‘आमचे दीड हजार कापले’ म्हणून एचआरच्या दारात उभी असतात. आधी बँकेचा तपास करा. तिथेही नसतील तर पोर्टलवर कंपनीनं तुमची हजेरी वेळेवर भरली का ते विचारा, कारण ती भरल्याशिवाय सरकारचा भाग सुटत नाही.

मागच्या महिन्याचा स्टायपेंड पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत यायला हवा.

आत गेल्यावर

रोजची वही ठेवा. ॲप्रेंटिसनं कामाची नोंद ठेवायची असा नियमच आहे, पण मुलं शेवटच्या महिन्यात एका रात्रीत वही ‘पूर्ण’ करतात. नोंद अशी असावी: ‘१२ तारीख. रेडियल ड्रिल. प्लेटवर मार्किंग करून १० मिमीची सहा भोकं, मग काउंटरसिंक. दोन भोकं सरकली, सुपरवायझरने पंच कसा धरायचा ते दाखवलं.’ दर शनिवारी सुपरवायझरची सही घ्या. पुढे मुलाखतीत ‘काय काम केलंस?’ या प्रश्नाला उत्तर या वहीतूनच येतं. आणि तुम्हाला तीन महिने सलग पॅकिंगवर उभं केलं असेल तर त्याचा पुरावाही तीच.

पॅकिंगवरून आठवलं. नव्या मुलाला थोडे दिवस झाडू, लोडिंग, पॅकिंग करावं लागतं, त्यात कमीपणा मानू नका. कारखाना कळतो, माणसं कळतात. पण महिनाभरानंतरही तुमच्या ट्रेडचं काम मिळत नसेल तर आधी सुपरवायझरला तोंडी सांगा, मग एचआरला लेखी. मुलींच्या बाबतीत हे जास्त घडतं. इलेक्ट्रिशियन ट्रेडची मुलगी असते आणि तिला ‘ताई, तू स्टोअरला बस, रजिस्टर लिही’ असं प्रेमानं सांगतात. प्रेम बाजूला ठेवा. करारात इलेक्ट्रिशियन लिहिलं आहे, पॅनेलवर काम मागा. जॉइन होण्याआधीच कंपनीची बस कुठून कुठपर्यंत, शॉपफ्लोअरवर स्वच्छतागृह आहे का, शिफ्ट कोणत्या, हे विचारून ठेवा. या प्रश्नांवरून कुणी नाक मुरडलं तर तिथलं वातावरण तुम्हाला आधीच कळलं.

ओव्हरटाइम शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या (या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याच्या) मंजुरीशिवाय करायला लावता येत नाही. सुट्ट्या त्या आस्थापनेच्या पद्धतीप्रमाणे. काम करताना इजा झाली तर भरपाई देणं मालकावर बंधनकारक आहे, तुम्ही ‘कामगार’ नसलात तरीही. इजा झाली की त्याच दिवशी नोंद करायला लावा आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवा. हातमोजे, गॉगल, बूट मागून घ्या. ‘उद्या देतो’ म्हणत असतील तर ग्राइंडिंगही उद्या.

तक्रार कुणाकडे

राज्यातल्या खासगी आस्थापनांसाठी व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय, आणि जिल्ह्यात शासकीय आयटीआयशी जोडलेलं ‘बीटीआरआय’, म्हणजे ॲप्रेंटिसच्या मूलभूत प्रशिक्षणाचं केंद्र. पण रेल्वे, केंद्र सरकारचे उपक्रम आणि चार किंवा अधिक राज्यांत कारभार असलेल्या कंपन्या केंद्राच्या अखत्यारीत येतात. त्यांच्यासाठी मुंबईचं प्रादेशिक कौशल्य विकास व उद्योजकता संचालनालय. चाकणच्या मोठ्या कंपन्यांपैकी पुष्कळ या दुसऱ्या प्रकारात मोडतात, त्यामुळे जिल्ह्याच्या कार्यालयात हेलपाटे घालून ‘हे आमच्याकडे येत नाही’ हे ऐकण्याआधी कंपनीचा विस्तार बघून घ्या.

अर्ज साधा लिहा: कराराचा क्रमांक, तारखा, काय घडलं, काय हवं. मालकाच्या चुकीनं करार मोडला तर तीन महिन्यांच्या स्टायपेंडइतकी भरपाई मिळण्याची तरतूद आहे. तुम्ही विनाकारण सोडून गेलात तर तेवढीच वसुली तुमच्याकडूनही होऊ शकते. म्हणून सोडायचंच असेल तर गायब होऊ नका, अर्ज देऊन करार रीतसर संपवून घ्या. नुसता निघून गेलेल्याचा करार पोर्टलवर चालूच दिसत राहतो आणि पुढच्या जागी तो आडवा येतो.

युवा कार्य प्रशिक्षण योजना घ्यावी का?

२०२४ मध्ये राज्यानं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीला १०,००० विद्यावेतन. आधी सहा महिने होती, नंतर अकरा झाले. ॲप्रेंटिसच्या सात हजारांपुढे आठ हजार दिसतात आणि मुलं तिकडे वळतात. तांत्रिक ट्रेडच्या मुलानं हजार रुपयांसाठी हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे कामाचा अनुभव मिळतो, पण राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारीचं प्रमाणपत्र मिळत नाही. कोपा झालेल्या मुलीला गावातल्याच कार्यालयात संगणकाचं काम मिळत असेल आणि घर सोडणं शक्य नसेल, तर गोष्ट वेगळी.

शेवटी परीक्षा आणि पुढची नोकरी

कालावधी संपला की अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा द्यायची असते. ती पास झालात की राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र. परीक्षेचा फॉर्म कंपनीच भरेल असं गृहीत धरू नका, शेवटच्या दोन महिन्यांत एचआरला विचारत राहा. परीक्षा न देता निघून गेलेल्याकडे फक्त अनुभवाचं पत्र उरतं.

कंपनीनं तुम्हाला कायम केलंच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. भरतीचं धोरण प्रत्येक आस्थापना स्वतः ठरवते. रेल्वेत मात्र लेव्हल १ च्या (सगळ्यात खालच्या वेतनश्रेणीच्या) भरतीत वीस टक्के जागा रेल्वेतच शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी राखीव असतात. परीक्षा त्यांनाही द्यावी लागते, पण स्पर्धा आपसातली असते. त्या अर्जाच्या तारखेला प्रमाणपत्र हातात लागतं. म्हणून ते पोर्टलवर दिसलं की त्याच दिवशी नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख आणि ट्रेड तपासा, आणि अक्षराची जरी चूक असेल तरी कंपनीतून बाहेर पडायच्या आत दुरुस्तीचा अर्ज द्या. बाहेर पडल्यावर तेच एचआर फोन उचलेल याची खात्री नसते.